रूळ पोचले, प्रकाशाची तार कुठे अडली?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांनी एकाच व्यासपीठावरून दोन गोष्टी राष्ट्राला अर्पण केल्या. पहिली, ब्रह्मपूरहून निघून थेट उधन्यास येणारी अमृत भारत एक्सप्रेस. दुसरी, भारत संचार निगमचे स्वदेशी बनावटीचे ९७ हजारांहून अधिक फोर-जी मनोरे. वर्तमानपत्रांनी ह्या दोन बातम्या दोन निरनिराळ्या पानांवर छापल्या. आमच्या मते त्या एकच बातमी होत्या. गाडी उधन्याला का येते? गंजामचा उडिया मजूर आणि धुळे-नंदुरबार-जळगावचा मराठी मजूर येथे लूमवर उभा राहतो म्हणून येते. त्याला गावाहून येथे आणण्याची सोय सरकारला तत्परतेने सुचली, ह्याबद्दल आम्ही सरकारचे अभिनंदन करतो. पण ज्या गावी त्याची बायको, म्हातारे आईबाप आणि शाळकरी पोरे मागे राहिली, त्या गावापर्यंत वेगवान इंटरनेट नेण्याची सोय त्याच तत्परतेने झाली काय? ह्या प्रश्नाचे उत्तर व्यासपीठावर मिळत नाही. ते उधन्याच्या गल्लीत मिळते.

परवा ते आम्हांला मिळाले. लूमच्या एका खात्याबाहेर, दिवसाची पाळी सुटावयाच्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक कामगार हातातला मोबाइल टक लावून पाहत उभा होता. महाराष्ट्र सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे पैसे त्याच्या पत्नीला मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने फर्मान काढले की, प्रत्येक लाभार्थी स्त्रीने दोन महिन्यांत ई-केवायसी करावे आणि तिच्याबरोबर तिच्या पतीच्या किंवा पित्याच्या आधारचीही पडताळणी व्हावी. पडताळणीचा सांकेतिक आकडा, म्हणजे ओटीपी, ज्याचा आधार त्याच्या मोबाइलवर येतो. पती उधन्यास, पत्नी पाड्यावर. पाड्यावर रेंज नाही. ती मिळावी म्हणून ती बाई पोर कडेवर घेऊन टेकडीवर चढलेली. इकडे आकडा येतो तेव्हा शंभर लूमांच्या खडखडाटात मोबाइलची घंटा ऐकू येत नाही. ऐकू आली तर तो आकडा तिकडे कळविण्यासाठी लावलेला फोन लागत नाही. फोन लागला तर तोवर आकड्याचे काही मिनिटांचे आयुष्य संपलेले. तीन दिवस हा खेळ चालला होता. तीन दिवस बाई टेकडीवर आणि तीन दिवस नवऱ्याचे लक्ष सुतावर नाही. सुताचे धागे तुटले त्याची भरपाई मजुरीतून झाली. अशा किती टेकड्या आणि किती बायका, ह्याचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही. पण मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली, एवढे मात्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आता कोणी शहाणा म्हणेल की, ही एका योजनेची अडचण आहे, तिचे एवढे अवडंबर कशाला? आम्ही त्या शहाण्याला विचारतो, आज सरकारचे कोणते दार इंटरनेटवाचून उघडते? सातबारा संगणकावर गेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवर चढवावे असे ठरले. रेशनच्या दुकानात बोटाचा ठसा यंत्रावर उमटल्यावाचून धान्य मोजले जात नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरीसुद्धा दिवसातून दोनदा छायाचित्र काढून मोबाइलवरून पाठविणे सक्तीचे झाले. अंगणवाडीत बालकाचे वजन घ्यावयाचे, ते ॲपमध्ये भरावयाचे. शिष्यवृत्ती, प्रवेश, पीकविमा, जातीचा दाखला, साऱ्यांचा अर्ज ऑनलाइन. ज्या दिवशी सरकारने आपली कचेरी तारेच्या पलीकडे नेली, त्या दिवशी तार ही चैनीची वस्तू राहिली नाही. ती कचेरीची पायरी झाली. पायरी न बांधता दार उंचावर बसवायचे आणि वर चढता न येणाऱ्याला 'अपात्र' ठरवायचे, ह्याला आम्ही सुधारणा म्हणत नाही, अन्याय म्हणतो.

ह्या अन्यायाचा उपरोध असा की, त्याचा आरंभच खानदेशात झाला. देशातील पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या लहानशा गावी, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत देण्यात आले. ज्या जिल्ह्याने देशाला पहिला बारा-अंकी नागरिक दिला, त्याच जिल्ह्यातील बाई पंधरा वर्षांनंतर त्या बारा अंकांची खातरजमा करण्यासाठी टेकडी चढते! क्रमांक आधी आला, तार अजून वाटेत आहे.

ती वाटेत किती वर्षे आहे, तेही सांगितले पाहिजे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. अंदाज सुमारे २० हजार कोटींचा आणि मुदत दोन वर्षांची होती. दोन वर्षे गेली. २०१५ मध्ये योजनेचे बारसे नव्याने होऊन ती 'भारतनेट' झाली. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पुरा झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ते महाआयटीच्या 'महानेट'कडे गेले, गुजरातमध्ये त्यासाठी गुजरात फायबर ग्रिड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी निघाली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की, एक हजार दिवसांत देशातील सहा लाख गावे प्रकाशतंतूंनी जोडली जातील. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने काय मंजूर केले? उरलेल्या सुमारे ४२ हजार ग्रामपंचायती, मागणीनुसार ३ लाख ८४ हजार गावे आणि दीड कोटी घरजोडण्या ह्यांसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा नवा सुधारित कार्यक्रम! हजार दिवसांची घोषणा पुरी झाली असती, तर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार गावे शिल्लक कशी राहिली? आम्ही कोणा एका पक्षाला हा प्रश्न विचारीत नाही. २०११ चे सरकार एकाचे होते, २०२० चे दुसऱ्याचे. खुर्च्या बदलल्या, गावाची रेंज बदलली नाही.

आणि हा पैसा कोणाचा? १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आहे. आज त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के त्यात जातात. कंपनीचा महसूल म्हणजे तुमच्या-आमच्या रिचार्जचाच पैसा. उधन्याच्या लूमवरचा कामगार दर महिन्याला रिचार्ज मारतो तेव्हा आपल्याच गावच्या तारेसाठी तो वर्गणी भरीत असतो. वीस वर्षांवर तो ती भरीत आहे. तेव्हा गावची तार हे कोणाच्या औदार्याने मिळणारे दान आहे, अशी भाषा कृपा करून कोणी बोलू नये.

दोष नेमका कुठे आहे? आम्ही तंत्रज्ञ नव्हे, परंतु डोळे उघडे ठेवणाऱ्याला कळावे इतके हे साधे आहे. प्रकाशतंतू म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून प्रकाशाचे ठोके धावतात आणि एका तारेवर सबंध तालुक्याचे बोलणे मावते. मोबाइलचा मनोरा ही नळाची तोटी आहे. तंतू ही जलवाहिनी आहे. जलवाहिनी नसताना नुसत्या तोट्या बसवून गावात पाणी आले, असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? आता भारतनेटच्या पहिल्या आराखड्यात ही तार तालुक्याहून निघून एका ग्रामपंचायतीतून दुसरीकडे शेपटीसारखी एकेरी नेलेली होती. रस्ता रुंद करणाऱ्याने, पाण्याचा नळ टाकणाऱ्याने कुठेही कुदळ मारली की त्यापुढची सगळी गावे मुकी. २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात ही चूक मान्य होऊन तार कड्यासारखी गोल फिरविण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहील. बारा वर्षांनंतर का होईना, अक्कल आली. पण तार पोचली तरी ग्रामपंचायतीच्या खोलीला वीज नाही, बॅटरी उतरलेली, खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवक तालुक्याला. बिघाड झाला तर कोणाच्या दारी जावयाचे हे कोणालाच ठाऊक नाही. मग कागदावर ती ग्रामपंचायत 'सेवासज्ज' म्हणून मोजली जाते. हा शब्द ज्याने शोधला त्याच्या भाषाप्रभुत्वाला आम्ही नमस्कार करतो. नवरदेव सज्ज आहे, मंडप सज्ज आहे, लग्न तेवढे लागलेले नाही!

'वेगवान' ह्या शब्दाचीही अशीच कथा आहे. आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणजे किमान किती वेग, ह्याची व्याख्या जानेवारी २०२३ पर्यंत सेकंदाला ५१२ किलोबिट एवढी होती. तेव्हा ती २ मेगाबिट झाली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तीच मर्यादा उतरविण्यासाठी १०० आणि चढविण्यासाठी २० मेगाबिटांवर नेली. व्याख्याच एवढी ठेंगणी ठेवली की कोणीही उंच दिसतो. मेळघाटातील हरिसाल हे गाव देशातले पहिले 'डिजिटल गाव' म्हणून केवढे गाजविण्यात आले! २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे ह्यांनी भर सभेत त्याच गावाची चित्रफीत दाखवून त्या दाव्याला आव्हान दिले आणि मोठे वादंग माजले. आम्हांला त्या वादातील हारजितीत रस नाही. आम्हांला त्यातून एवढेच शिकावयाचे आहे की, एका गावाला आरास करून सजविल्याने तालुका उजळत नाही.

ह्या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, खेड्यात धंदा नाही, कंपनीने तोट्यात का जावे? हे बोलणे नवे नव्हे. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती आणि तेथील खाजगी कंपन्या हेच सांगत होत्या. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, १९३६ मध्ये कायदा केला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्जे दिली. त्या संस्थांनी स्वतः खांब रोवले आणि स्वतः तारा ओढल्या. त्या संस्थांपैकी कित्येक आज त्याच खांबांवरून इंटरनेट देतात. आणि सहकार काय अमेरिकेकडून शिकावयाचा? १९४६ साली आणंदच्या दूधवाल्यांनी आणि १९५० साली प्रवरेच्या ऊसवाल्यांनी तो ह्याच मातीत उभा करून दाखविला. ज्यांनी साखर कारखाने आणि डेअऱ्या चालविल्या, त्यांना चार तालुक्यांची तार चालविता येणार नाही, असे मानणे हा आपल्याच माणसांचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यातील पोरे इंटरनेटवर नाचगाणी पाहतात. पाहत असतील, शहरातील पोरे काय ज्ञानेश्वरी वाचतात? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा उधना-लिंबायत-पांडेसऱ्याहून हजारो कुटुंबे गावी परतली. सुरत महापालिकेच्या शाळा मराठीसह सात भाषांतून चालतात. त्या मराठी वर्गांतील पोरे एका रात्रीत सातपुड्याच्या पाड्यांवर जाऊन पडली आणि तिकडे वर्ग मात्र मोबाइलवर भरू लागले. ज्याच्या गावी रेंज होती त्याचे वर्ष वाचले; ज्याच्या गावी नव्हती त्याचे गेले. नाचगाण्यांची चेष्टा करणाऱ्याने त्या गेलेल्या वर्षाची भरपाई कशी करणार ते सांगावे.

तिसरा आक्षेप सर्वांत नवा: तारेची कटकटच नको, आता उपग्रहावरून इंटरनेट येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले आणि त्यात नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्यांचे नाव घेतले. नर्मदाकाठच्या ज्या गावांना आज रस्तादेखील धड नाही, तेथे आकाशातून आधी मदत आली तर आम्ही तिचे स्वागतच करू. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. त्याच नर्मदेवर सरदार सरोवर बांधले गेले तेव्हा नंदुरबारमधील ३३ गावे त्याच्या फुगवट्याखाली आली. विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राच्या नावे लिहिला गेला. आणि ज्यांनी जमीन दिली त्यांच्यातील कित्येकांचे दिवे अखेरीस लागले. साधन कोणाच्या हाती आणि दर कोण ठरविणार, हे आधी न विचारल्याचा तो परिणाम होता. आकाशातील तोटीचा वॉल परक्या कंपनीच्या हाती राहणार असेल, तर जमिनीतील आपली वाहिनी आपण खणलीच पाहिजे. उपग्रह तारेला पूरक आहे; तो पर्याय नव्हे.

आता सीमेवरच्या माणसाच्या वाट्याला येणारी खास गोष्ट. उधन्याहून ताप्तीच्या मार्गाने जाताना नवापूरचे स्थानक लागते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि सीमारेषा त्या स्थानकाच्या मधूनच गेली. तेथील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. प्रवासी त्यावर बसून छायाचित्रे काढतात. आम्हांला त्या बाकाचे कौतुक वाटत नाही, त्याचा अर्थ बोचतो. महानेट सीमेच्या अलीकडे थांबते, गुजरातची कंपनी पलीकडे थांबते, आणि सीमेलगतचे गाव प्रत्येक नकाशाच्या काठावर, म्हणून प्रत्येक यादीच्या शेवटी राहते. राजधानीपासून सर्वांत दूर असणे हा सीमेवरील माणसाचा गुन्हा ठरतो. पण रेल्वेला ही रेषा अडवीत नाही. देशभर रुळांच्या कडेने रेलटेलचे ६० हजार किलोमीटरांहून अधिक प्रकाशतंतू पसरले आहेत; सहा हजारांहून अधिक स्थानकांवर तिचे वाय-फाय आहे. फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याला जी सोय फुकट मिळते, ती फलाटापलीकडे दोन कोसांवर राहणाऱ्याला पैसे देऊनही मिळू नये, ह्यात कोणते नियोजन आहे?

आणि भाषा! ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ते सदोष होते, हे एक कारण. ॲप इंग्रजीत होते, हे दुसरे. तार पोचली आणि तिच्यातून परकी भाषा आली, तर तार पोचूनही दार बंदच राहते. मराठी माणसाला, मग तो धडगावात असो की उधन्यात, सरकारी ॲप मराठीतच मिळाले पाहिजे. गंजामच्या उडिया बांधवाला ते उडियात मिळाले पाहिजे. आमची मागणी कोणाच्या विरुद्ध नाही.

कायदाही आता आमच्या बाजूला आहे. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट मिळण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या नागरिकांना ई-केवायसी करता येत नाही ह्या तक्रारीवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले. टेकडी चढणाऱ्या बाईच्या पदरी हा निर्णय आहे. तो तिच्यापर्यंत पोचविण्याचे काम आपले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, ग्रामपंचायतनिहाय तार आज चालू की बंद, किती दिवसांपासून बंद आणि जबाबदार अधिकारी कोण, ह्याचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लागला पाहिजे. 'सेवासज्ज' हा शब्द सरकारी दप्तरातून हद्दपार झाला पाहिजे. दोन, जेथे रेंज नाही तेथे कोणतीही ऑनलाइन मुदत लागू होता कामा नये. तलाठी, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका ह्यांनी कागदावर घेतलेला अर्ज तितकाच ग्राह्य मानला पाहिजे. तीन, ताप्ती मार्गावरील स्थानकांपासून दोन्ही राज्यांतील गावांना रेलटेलच्या तंतूंची जोडणी द्यावी आणि त्यासाठी दोन्ही सरकारांनी एकत्र बसावे. चार, डिजिटल भारत निधीतून गावांच्या सहकारी संस्थांना तार चालविण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार व पैसा मिळावा. तार जोडणारा तरुण गावचाच असला म्हणजे ती तुटलेली राहणार नाही.

आणि उधनेकरांनो, तुम्हांला एक सांगणे आहे. तुम्ही होळीला गावी जाता, अखाजीला जाता. यंदा जाताना पोरांसाठी खाऊ न्या, कपडे न्या, त्याबरोबर ह्या चार मागण्याही न्या. ३ लाख ८४ हजार गावांना तार 'मागणीनुसार' मिळणार आहे, हा शब्द सरकारचाच आहे. मागणीच केली नाही तर पुरवठा कशाला होईल? ग्रामसभा भरवा, ठराव करा, त्याची नक्कल तालुक्याला द्या आणि पोच घेतल्यावाचून उठू नका. तुमच्या घामावर ह्या शहराचे कापड विणले जाते. ज्यांच्या हातांनी लाखो धागे जोडले, त्यांच्या गावाला काचेचा एक धागा जोडून द्यावयास सरकारला आणखी किती वर्षे हवी आहेत, ते आता त्यालाच विचारा. पाड्यावरची बाई टेकडी उतरून आपल्या ओट्यावर बसेल आणि तेथून तो आकडा पाठवील, तेव्हाच आम्ही म्हणू की तार पोचली. तोवर हा प्रश्न आम्ही विचारीत राहणार!